बारा शब्दांतून प्रायव्हेट की कशी काढायची: सांगलीकर नवख्यांसाठी

"शब्द बरोबर हायत, पण पैसे दिसंनात." क्रिप्टोच्या नादाला लागलेल्या पोरांकडून आमच्या सांगली-मिरजेत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही. वॉलेट ॲप (क्रिप्टो ठेवायचं ॲप) पहिल्यांदा बनवताना मिळालेले बारा शब्द वहीत नीट लिहिलेले असतात, क्रम बरोबर असतो, नवीन ॲप ते शब्द मुकाट स्वीकारतं आणि समोर शून्य बॅलन्स दाखवतं. मग पोरगं घाबरतं, टेलिग्रामवर कुणाला तरी विचारतं आणि तिथून पुढे खरं नुकसान सुरू होतं.

अशा वेळी पैसे बहुतेकदा जागेवरच असतात. बारा शब्द म्हणजे प्रायव्हेट की नव्हे. प्रायव्हेट की म्हणजे एका खात्यातले पैसे हलवायचा अधिकार देणारी गुप्त संख्या. त्या शब्दांतून किती तरी प्रायव्हेट की निघू शकतात, आणि त्यातली नेमकी कोणती काढायची हे 'पाथ' नावाची आकड्यांची एक छोटी ओळ ठरवते. शब्द आणि पाथ दोन्ही हातात असतील तर की निघते. हा लेख ती की स्वतःच्या हाताने, इंटरनेट बंद ठेवून कशी काढायची याबद्दल आहे. सीक्रेट की, प्रायव्हेट की, दोन्ही नावं चालतात. सोलानावाले पहिलं वापरतात, बिटकॉइन-इथेरियमवाले दुसरं.

आधी ठरवा, की लागणार आहे का

बहुतेकांना लागत नाही. जुना फोन गेला आणि नवीन फोनवर तेच वॉलेट हवं असेल, तर त्याच कंपनीचं ॲप पुन्हा टाकून शब्द भरणं हाच सरळ रस्ता. की काढायची वेळ मोजक्या प्रसंगी येते. एखादं वॉलेट शब्द घेत नाही, फक्त की घेतं. तुम्ही प्रोग्रॅम लिहिताय आणि त्याला व्यवहारावर सही करायला एका खात्याची की लागते. जुनं ॲप बंद पडलंय आणि त्याचा पाथ नवीन ॲपला कळत नाही. किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी टेस्टनेटवर (खऱ्या पैशांशिवाय चालणाऱ्या सरावाच्या नेटवर्कवर) काही तरी चालवायचंय. इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना हे बऱ्याचदा लागतं.

मेटामास्क किंवा फँटमसारख्या वॉलेटमध्ये शब्द आधीच भरलेले असतील, तर पुढचा सगळा खटाटोप नको. खात्याच्या तपशिलात जाऊन 'प्रायव्हेट की दाखवा' हा पर्याय शोधायचा, पासवर्ड टाकायचा, की समोर येते.

आणि की काढा असं तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं असेल, म्हणजे 'कस्टमर सपोर्ट', 'व्हेरिफिकेशन', 'वॉलेट सिंक', 'एअरड्रॉपसाठी (फुकट वाटल्या जाणाऱ्या नाण्यांसाठी) लागते' वगैरे, तर इथेच थांबा. तो चोर आहे. याला अपवाद माझ्या पाहण्यात नाही.

आत नेमकं काय घडतं

हे समजून घेतलं नाही तर पुढे बटणं दाबता येतील, पण काही चुकलं की कुठे चुकलं ते कळणार नाही.

शब्दांची पद्धत बिप-३९ या २०१३ च्या मानकाची आहे. बिप म्हणजे बिटकॉइनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव. त्यात २०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे. पहिला शब्द 'अबँडन', शेवटचा 'झू'. २०४८ म्हणजे दोनाचा ११ वा घात, म्हणून प्रत्येक शब्द ११ बिट माहिती सांगतो. बारा शब्दांचे १३२ बिट होतात. त्यातले १२८ खरे यादृच्छिक, उरलेले ४ तपासणीचे. चोवीस शब्दांत २५६ खरे आणि ८ तपासणीचे. म्हणूनच कुठलेही बारा शब्द एकापुढे एक लिहिले तर वॉलेट ते घेत नाही. असे मनचे बारा शब्द तपासणीतून सुटण्याची शक्यता सोळात एक.

दुसऱ्या टप्प्यात या शब्दांचा मजकूर जसाच्या तसा एका हॅश यंत्रणेतून (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणितातून) २०४८ वेळा घुसळला जातो आणि ५१२ बिटांचा 'सीड' बाहेर येतो. तुम्ही जादा पासफ्रेज, म्हणजे शब्दांशिवाय स्वतः ठरवलेला गुप्त मजकूर, ठेवला असेल तर तोही याच टप्प्यात मिसळतो. बरेच जण त्याला 'पंचविसावा शब्द' म्हणतात. पासफ्रेज चुकला तर कुठलीही सूचना येत नाही, लाल अक्षरं येत नाहीत. दुसराच सीड तयार होतो आणि दुसरंच, रिकामं वॉलेट उघडतं.

तिसरा टप्पा बिप-३२ चा, २०१२ मध्ये बिटकॉइनचे प्रोग्रॅमर पीटर वुइले यांनी मांडलेला. सीडमधून एक मास्टर की आणि तिच्या जोडीला, खालच्या की काढायला लागणारा, ३२ बाइटांचा 'चेन कोड' निघतो. या गणितात 'बिटकॉइन सीड' हे दोन शब्द चावी म्हणून वापरले जातात, आणि गंमत म्हणजे इथेरियमची की काढतानाही तेच वापरले जातात. इथेरियमचं नेटवर्क २०१५ मध्ये सुरू झालं; तोवर ही पद्धत रुळली होती, ती तशीच उचलली गेली.

मास्टर कीखाली पोटकी, तिच्याखाली आणखी पोटकी, अशी उतरंड असते. त्या उतरंडीत कुठे जायचं ते पाथ सांगतो. २०१४ च्या बिप-४४ नुसार पाथला पाच पायऱ्या आहेत. जमिनीचा ठावठिकाणा कसा सांगतो आपण? जिल्हा सांगली, तालुका तासगाव, अमुक गाव, अमुक गट नंबर, अमुक पोटहिस्सा. पाथही तसाच वरून खाली उतरतो: पद्धत, नाणं, खातं, आतलं-बाहेरचं, अनुक्रमांक. इथेरियमच्या पहिल्या पत्त्याचा पाथ असा लिहितात:

एम / ४४' / ६०' / ०' / ० / ०

'एम' म्हणजे मास्टर. ४४ ही पद्धत, ६० हा इथेरियमचा ठरलेला क्रमांक, पुढे पहिलं खातं, मग बाहेरून पैसे घेण्याची शाखा, मग पहिला पत्ता. मोजणी शून्यापासून. आकड्यावरचा एकेरी स्वल्प (') त्या पायरीला 'हार्डन्ड' करतो, म्हणजे आकड्यात २१४७४८३६४८ मिळवले जातात आणि गणित जरा वेगळ्या वाटेने होतं. तो स्वल्प टंकताना विसरला तर की बदलते. कुठलाही एक आकडा बदलला तरी बदलते, आणि आलेली की दिसायला पूर्णपणे वैध असते.

हा प्रवास एका दिशेचा आहे. शब्दांतून की निघते, कीतून शब्द कधीच निघत नाहीत. एकाच खात्याची की हाताशी आहे आणि शब्द हरवलेत, तर तेवढं एक खातं वाचतं, बाकी वॉलेट गेलं.

मशीन तयार करणं

नेहमीच्या लॅपटॉपवर, ज्यावर आपण सिनेमे उतरवतो आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं चालवतो, त्यावर हे करू नका. फोनवर तर नकोच. फोनचा कीबोर्ड शब्द शिकून ठेवतो, क्लिपबोर्डचा इतिहास ठेवतो, आणि स्क्रीनशॉट काढलात तर तो न विचारता गूगल फोटोजवर चढलेला असू शकतो. नेट कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या पीसीबद्दल काही बोलायलाच नको.

जुना लॅपटॉप चालतो. रोजच्या संगणकावर उबुंटूची (मोफत लिनक्स प्रणालीची) आयएसओ फाइल उतरवून तिचा बूट होणारा पेनड्राइव्ह करा. दुसऱ्या पेनड्राइव्हवर इयन कोलमन यांच्या बिप-३९ साधनाची एकच एचटीएमएल फाइल घ्या. ते मुक्त स्रोत साधन आहे आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर त्याच्या प्रकाशन पानावर 'बिप३९-स्टँडअलोन' नावाने मिळतं. गूगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करायची सवय इथे महागात पडेल, कारण या साधनाची हुबेहूब नकल करणारी पानं शब्द चोरण्यासाठीच उभी केलेली असतात. उतरवलेल्या फाइलीचा शा-२५६ हॅश काढा आणि मूळ प्रकाशकाने दिलेल्या हॅशशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. लिनक्सवर 'शा२५६सम' आणि विंडोजवर 'सर्टयुटिल' हे काम करतात.

आता जुना लॅपटॉप उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा, म्हणजे हार्डडिस्कवर काहीच लिहिलं जाणार नाही. वायफायचा पासवर्ड देऊ नका, केबल असेल तर उपटा, ब्लूटूथ बंद करा. एचटीएमएल फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि फायरफॉक्समध्ये उघडा. पान नेटशिवाय पूर्ण चालतं. तुमच्या पाठीमागे सीसीटीव्हीचा डोळा नाही ना, एवढं बघून घ्या. हल्ली घराघरांत असतो.

आधी सरावाचे शब्द

पहिल्याच फटक्यात स्वतःचे शब्द टाकू नका. जगभर सरावासाठी वापरला जाणारा एक वाक्यांश आहे: 'अबँडन' हा शब्द अकरा वेळा आणि बारावा 'अबाउट'. तो शब्दांच्या चौकटीत भरा, पासफ्रेजची चौकट रिकामी ठेवा.

सीडच्या चौकटीत येणारी लांबलचक ओळ '५ईबी००बीबीडी' अशी सुरू व्हायला हवी. नाण्यांच्या यादीतून इथेरियम निवडा, पाथ बिप-४४ चा ठेवा आणि खाली तक्त्यात पहिली ओळ पाहा. शून्य-एक्सनंतर पत्ता ९८५८ ने सुरू होतो आणि डीए९४ ने संपतो. आता नाणं बिटकॉइन करा, पाथचा टॅब बिप-८४ निवडा: पहिला पत्ता 'बीसी१क्यूसीआर८टीई४' असा सुरू होईल. हे तिन्ही जुळले म्हणजे तुमच्याकडचं साधन गणित बरोबर करतंय. जुळले नाहीत तर फाइल फेकून द्या.

सरावाच्या पत्त्यावर चुकूनही पैसे पाठवू नका. तो वाक्यांश सर्वांना माहीत असल्याने त्या पत्त्यांवर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, टपून बसलेले असतात. रुपयाभर आला तरी उचलतात.

तक्त्यात चार स्तंभ दिसतील: पाथ, पत्ता, पब्लिक की (पत्ता जिच्यातून बनतो ती उघड की), प्रायव्हेट की. तुम्हाला हवी ती शेवटच्या स्तंभात आहे. खरं काम इतकंच, पण ओळ बरोबर निवडण्यात सगळी गोम आहे.

स्वतःचे शब्द भरताना

शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहिलेले असले पाहिजेत. आपल्याकडे कित्येकांनी, विशेषतः घरातल्या मोठ्यांनी, ते देवनागरीत उतरवून ठेवलेले असतात. 'राइट' असं लिहिलं असेल तर काय समजायचं? उजवा आणि लिहिणे, या दोन्ही अर्थांचे वेगवेगळ्या स्पेलिंगचे शब्द यादीत आहेत. अशा जागी दोन्ही शब्द टाकून बघा. तपासणीचे बिट बहुतेकदा चुकीचा पर्याय स्वतःच नाकारतात.

यादी अशी बेतलेली आहे की पहिल्या चार अक्षरांतच शब्द ओळखू यावा. 'वुड' आणि 'वूल', 'वर्ड' आणि 'वर्ल्ड' हस्ताक्षरात सारखे दिसले तरी चौथ्या अक्षरावर वेगळे होतात. साधनाने 'शब्द चुकीचा' म्हटलं तर यादीतला जवळचा शब्द बघा. 'तपासणी चुकली' म्हटलं तर सगळे शब्द यादीतले आहेत, पण एखादा दुसऱ्याच्या जागी बसलाय किंवा क्रम हललाय. दोन स्तंभांत लिहिलेले शब्द आडवे वाचायचे की उभे, इथे बरेच जण घोळ घालतात.

एक शब्द पुसला गेला असेल तर घाबरू नका. त्या जागी २०४८ पर्याय, त्यातले तपासणीत टिकणारे साधारण १२८. एवढे हातानेही तपासून होतात, कंटाळा येईल इतकंच. दोन शब्द गेले असतील तर प्रोग्रॅम लिहावा लागेल. चार-पाच गेले असतील तर पैसे विसरा, आणि "परत मिळवून देतो, आधी फी द्या" म्हणणाऱ्यालाही विसरा.

काही शब्द बिप-३९ चे नसतातच. इलेक्ट्रम वॉलेट स्वतःची वेगळी पद्धत वापरतं. त्याचे बारा शब्द इलेक्ट्रममध्येच उघडा. टॉनचे चोवीस शब्द बिप-३९ च्या यादीतले दिसतात, पण गणित निराळं. पंचवीस शब्द असतील तर ते बहुधा मोनेरोचे किंवा अल्गोरँडचे. पोल्काडॉटचा घोळ सर्वांत फसवा: शब्द बिप-३९ चेच, पण त्यांचं वॉलेट शब्दांचा मजकूर घुसळत नाही, शब्दांमागचे मूळ बिट घुसळतं. त्यामुळे या साधनातून निघालेली की तिथे लागू होत नाही. पोल्काडॉटच्या जगात त्यासाठी 'सबकी' नावाचं स्वतंत्र साधन आहे.

पाथ: इथे घाई नको

बिटकॉइनचा पाथ पत्त्याकडे बघून कळतो, हे सुख आहे. जुना पत्ता १ ने सुरू होत असेल तर पद्धत ४४. ३ ने सुरू होत असेल तर बहुधा ४९. 'बीसी१क्यू' असेल तर ८४, 'बीसी१पी' असेल तर ८६. नाण्याचा क्रमांक शून्य. फक्त लक्षात ठेवा, बिटकॉइन वॉलेट प्रत्येक व्यवहाराला नवीन पत्ता देतं आणि उरलेली मोड आतल्या शाखेत, म्हणजे चौथ्या पायरीवर १ असलेल्या पत्त्यांवर टाकतं. तुमचे पैसे एका कीवर नसून दहा-वीस कींवर विखुरलेले असू शकतात. बिटकॉइनसाठी म्हणूनच मी एकेक की काढण्यापेक्षा पूर्ण शब्द चांगल्या वॉलेटमध्ये भरा असंच सांगतो.

इथेरियमचा पत्ता कुठल्याही पाथने काढला तरी दिसायला सारखाच, त्यामुळे तिथे ओळखीची खूण नाही. पहिलं खातं जवळपास सगळीकडे वर दिलेल्या पाथवरच असतं. भानगड दुसऱ्या खात्यापासून. मेटामास्क नवीन खातं बनवताना शेवटचा आकडा वाढवतं: ०, १, २. लेजर लाइव्ह (की आत जपणाऱ्या लेजर यंत्राचं ॲप, आताचं नाव लेजर वॉलेट) मात्र तिसऱ्या पायरीचा आकडा वाढवतं, म्हणजे दुसरं खातं ४४', ६०', १', ०, ० वर. लेजरचा जुना पाथ तर चारच पायऱ्यांचा होता. मेटामास्कमध्ये लेजरचे शब्द टाकल्यावर "पहिलं खातं दिसतंय, दुसरं गायब" असं होतं ते यामुळेच. पॉलिगॉन, बीएनबी चेन, आर्बिट्रम यांच्यासाठी वेगळी की काढू नका. त्यांचा पत्ता आणि की इथेरियमचीच. ट्रॉनचा नाणे-क्रमांक मात्र १९५, बाकी पायऱ्या तशाच.

सोलानाचं गणितच निराळं. तिथे की काढायच्या गणितासाठी एड२५५१९ नावाची वक्ररेषा वापरतात आणि तिच्यात सगळ्या पायऱ्या हार्डन्ड असाव्या लागतात. फँटमसारखी वॉलेट ४४', ५०१', ०', ०' हा पाथ घेतात. सोलानाचं स्वतःचं कमांड लाइन साधन, 'सोलाना-कीजेन', पाथ दिला नाही तर पाथच वापरत नाही. सीडचे पहिले ३२ बाइट सरळ की म्हणून घेतं. म्हणजे तेच शब्द, आणि फँटममध्ये एक पत्ता, टर्मिनलमध्ये दुसरा. नवशिका प्रोग्रॅमर इथे अर्धा दिवस घालवतो. उपाय सोपा: 'रिकव्हर' आज्ञेला 'प्रॉम्प्ट' प्रकारचा स्रोत द्यायचा आणि त्यात की साठी खातं शून्य, शाखा शून्य असं सांगायचं. मग ते फँटमच्याच पाथवर जातं आणि की एका फाइलीत लिहून देतं.

इतकं करूनही कोणता पाथ ते कळत नसेल, तर मूळ वॉलेट कोणतं होतं ते आठवा. त्या वॉलेटचं नाव आणि साधारण वर्ष माहीत असेल तर पाथ शोधता येतो. त्यासाठीच शब्द लिहिलेल्या कागदावर वॉलेटचं नाव, पाथ आणि पहिला पत्ता ही तीन ओळींची भर घाला. ही माहिती एकटी चोराच्या हाती पडली तरी त्याला पैसे नेता येत नाहीत, आणि तुमच्या माघारी घरच्यांना मात्र तिचाच आधार.

पत्ता जुळवा, मगच कीला हात लावा

तक्त्यातला पत्ता तुमच्या जुन्या पत्त्याशी पूर्ण जुळवा. जुना पत्ता आठवत नसेल तर एक्स्चेंजच्या पैसे काढल्याच्या नोंदीत, जुन्या ईमेलमध्ये तो सापडतो. पत्ता सार्वजनिक असतो, त्यामुळे तो फोनवर इथरस्कॅन किंवा सोलस्कॅन या उघड नोंदी दाखवणाऱ्या साइटवर टाकून बॅलन्स बघायला हरकत नाही. शब्द आणि की मात्र त्या बंद लॅपटॉपवरच.

पत्ता जुळला की त्याच ओळीतली की घ्या. इथेरियम आणि ट्रॉनची की म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतली ६४ अक्षरं. पुढे शून्य-एक्स असेल किंवा नसेल, दोन्ही चालतं, काही वॉलेट फक्त एकच रूप घेतात. बिटकॉइनची की बहुतेकदा के किंवा एलने सुरू होणाऱ्या ५२ अक्षरांच्या रूपात मिळते. सोलानाची सीक्रेट की ६४ बाइटांची, कारण तिच्यात ३२ बाइट गुप्त भाग आणि पुढे ३२ बाइट पब्लिक की जोडलेली असते. फँटम ती एका लांब ओळीत मागतं. कमांड लाइन साधन तीच ६४ आकड्यांच्या कंसातल्या यादीत ठेवतं. दोन रूपं वेगळी दिसली तरी की एकच.

हाताने ६४ अक्षरं उतरवणं म्हणजे चुकीला आमंत्रण. लगेच वापरायची असेल तर पेनड्राइव्हवर साध्या मजकूर फाइलीत न्या आणि काम झाल्यावर तो पेनड्राइव्ह कायमचा बाजूला काढा. फाइल डिलीट केल्याने फ्लॅश मेमरीतून ती गेलीच असं नसतं.

की बाहेर आल्यावर

प्रोग्रॅमसाठी की घेतली असेल तर ती कोडमध्ये टंकू नका. वेगळ्या 'डॉट-एन्व्ह' फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटच्या 'गिटइग्नोर' यादीत टाका. गिटहबवर चढलेली की काही मिनिटांत रिकामी होते, कारण बॉट चोवीस तास तेच धुंडाळत असतात. आणि मुळात प्रोग्रॅमला तुमच्या बचतीच्या शब्दांतली की का द्यायची? नवीन वॉलेट काढा, त्यात कामापुरते पैसे ठेवा, त्याचीच की द्या.

एक धोका फारसा कुणी सांगत नाही. बिटकॉइन वॉलेट 'एक्सपब' नावाची विस्तारित पब्लिक की देतं. ती हिशेबाच्या ॲपला किंवा सीएला दिली जाते आणि तिच्यातून फक्त पत्ते बघता येतात. पण ज्याच्याकडे एक्सपब आहे त्याच्या हाती त्याच खात्यातली एखादी साधी, हार्डन्ड नसलेली पोटकी लागली, तर उलट गणित करून तो त्या खात्याची मूळ की काढू शकतो, म्हणजे त्या खात्यातल्या सगळ्या कींचा मालक होतो. हार्डन्ड पायऱ्या याचसाठी आहेत. तेव्हा "एकाच पत्त्याची तर की दिली" असं म्हणून निश्चिंत राहू नका.

लेजर किंवा ट्रेझरसारखं हार्डवेअर वॉलेट असेल आणि त्याचे शब्द तुम्ही संगणकात टाकले, तर ते यंत्र विकत घेतल्याचा उपयोग तिथेच संपला. फार गरज असेल तर टाका, पण त्यानंतर नवीन शब्द तयार करून पैसे तिकडे हलवा. तुमचा बंद लॅपटॉप खरंच बंद होता का याची शंका असेल तरी हेच. बिटकॉइनची एकटी की कुठल्या वॉलेटला देताना 'इंपोर्ट' ऐवजी 'स्वीप' असेल तर तो घ्या. त्यात पैसे थेट नवीन पत्त्यावर जातात आणि उघडी पडलेली की निकामी होते.

उलट बाजूचा एक सापळाही ओळखून ठेवा. टेलिग्रामवर किंवा यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये कुणी तरी भोळेपणाने विचारतो, "माझ्या वॉलेटात यूएसडीटी आहेत, हे माझे बारा शब्द, पैसे कसे काढू?" यूएसडीटी म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं. शब्द खरे असतात, ट्रॉनवरचे यूएसडीटीही खरे दिसतात. फक्त व्यवहाराच्या फीपुरते टीआरएक्स, म्हणजे ट्रॉनचं स्वतःचं नाणं, नसतात. आपण हावेने फीपुरते टाकतो, ते उचलले जातात, आणि यूएसडीटी हलतच नाहीत, कारण त्या खात्यावर सहीचा अधिकार दुसऱ्याच कीकडे दिलेला असतो. अशात कुणी फसलं तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक लगेच लावा. पहिले काही तास महत्त्वाचे.

शब्द कुठे ठेवायचे

की पुन्हा काढता येते, म्हणून ती जपण्यापेक्षा शब्द आणि पाथ जपा. आपल्या गावात त्याला कृष्णेचा विचार जोडावा लागतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात, मारुती चौकाकडे ज्यांच्या तळमजल्यावरच्या कपाटात कागद होते त्यांना कागदाचं काय होतं हे समजावून सांगायला नको. स्टीलची पट्टी घ्या, हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांच्या पंचचा संच आणा आणि हातोडीने स्वतः ठोका. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, म्हणजे बारा शब्दांना जास्तीत जास्त ४८ ठोके. कुपवाडच्या एमआयडीसीत लेझरने सुबक कोरून मिळेल, पण मग ते शब्द त्या मशीनच्या संगणकातही राहतील. पट्टीची दुसरी प्रत नदीपासून लांब, विश्वासाच्या घरी.

राहिला प्रश्न लांबच्या माणसाचा. विटा-खानापूर-आटपाडीकडे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त घरातलं कुणी तरी केरळात, तमिळनाडूत नाही तर उत्तरेत असतंच. शब्द गावी कपाटात, आणि भाऊ तिकडून फोन करतो, "दादा, ते बारा शब्द जरा व्हॉट्सॲपवर टाक की." टाकू नका, आणि त्याऐवजी एका खात्याची की काढूनही पाठवू नका. भावाला तिकडे नवीन वॉलेट काढायला सांगा. त्याचे नवे शब्द त्याने तिकडेच लिहून ठेवावेत आणि तुम्हाला फक्त पत्ता पाठवावा. आलेला पत्ता व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून वाचून घ्या, पहिली आणि शेवटची चार अक्षरं नव्हे, पूर्ण. सुरुवात-शेवट सारखे असलेले नकली पत्ते बनवणारे आहेत. आधी शे-दोनशे रुपयांएवढी रक्कम पाठवा. त्याला ती मिळाली आणि त्याने त्यातले थोडे परत पाठवूनही दाखवले, की मग उरलेले पाठवा.